गंजाडचे कागद कोण वाचणार? शोधपत्रकारितेतली इंटर्नशिप आणि डहाणू-तलासरीची मुलं

दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा वडोदऱ्याकडून मुंबईकडे येणारा भाग पालघर जिल्ह्यातून जातो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने या कामाचे जे टप्पे पाडले, त्यातल्या दोन टप्प्यांत एक नाव दिसतं. तलासरी ते गंजाड आणि गंजाड ते मासवण. डहाणू तालुक्यातलं हे आदिवासी गाव देशातल्या एका अवाढव्य कंत्राटाच्या कागदांवर असं उमटलं आहे.

त्याआधी गंजाडचं नाव जगभर गेलं ते वारली चित्रांमुळे. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे याच गावच्या कलंबीपाड्यावर राहायचे. २०१८ मध्ये त्यांचं निधन झालं. तोवर त्यांची चित्रं कितीतरी देशांत पोहोचली होती.

आता या पट्ट्यात चित्रांपेक्षा प्रकल्पांची चर्चा जास्त आहे. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून बुलेट ट्रेनचा मार्ग जातो. मालगाड्यांसाठीची स्वतंत्र रेल्वे जाते. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदर होतंय. त्याचा खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये सांगितला जातो आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली.

या प्रत्येक प्रकल्पामागे हजारो पानांचे कागद आहेत. अधिसूचना, हरकती, निवाडे, पर्यावरण अहवाल, ग्रामसभांचे ठराव. यातले बरेचसे कागद गुप्त नसतात. ते मागता येतात, कित्येक तर वेबसाइटवरच पडलेले असतात. अडचण अशी की ते नीट वाचायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि रोजच्या बातम्यांच्या धबडग्यात इतका वेळ कुणाकडे नसतो.

हा वेळ काढणाऱ्या मोजक्या जागांमध्ये ना-नफा शोधपत्रकारिता संस्था येतात. तिथेही सुरुवातीचं वाचन, वर्गवारी, जुळवाजुळव हे काम बऱ्याचदा इंटर्नच्या वाट्याला येतं. म्हणून ‘इंटर्न कोण होतं?’ हा प्रश्न फक्त करिअरचा राहत नाही. कुठल्या गावाचे कागद वाचले जाणार, हेही त्यावर ठरतं.

ना-नफा शोधपत्रकारिता म्हणजे काय?

नेहमीचं वृत्तपत्र किंवा चॅनेल जाहिराती, वर्गणी आणि मालकाच्या भांडवलावर चालतं. ना-नफा संस्थेत वाटून घ्यायला नफाच नसतो. देणग्या, ट्रस्टचा निधी आणि वाचकांचे पैसे यांवर काम चालतं. उरलेला पैसा पुन्हा पत्रकारितेतच जातो.

अमेरिकेतली ‘प्रोपब्लिका’ हे याचं ठळक उदाहरण. २००७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला २०१० मध्ये पुलित्झर मिळालं. ‘पनामा पेपर्स’ आठवतात ना? २०१६ मध्ये सुमारे १ कोटी १५ लाख कागद चाळून ते प्रकरण बाहेर आलं. त्याचं समन्वयन आंतरराष्ट्रीय शोधपत्रकारांचा ‘आयसीआयजे’ हा ना-नफा गट करत होता आणि भारतातून ‘द इंडियन एक्स्प्रेस’ त्यात सहभागी होता.

आपल्याकडेही अशा संस्था आहेत. मुंबईतून चालणारी ‘इंडियास्पेंड’ २०११ पासून आकडेवारीवर आधारित पत्रकारिता करते. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेली ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, ग्रामीण भारताच्या कहाण्या मराठीसह अनेक भाषांत देते. ‘द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’ सरकारी कागदपत्रांच्या आधारे धोरणांमागचे निर्णय उलगडते. ‘अल्ट न्यूज’ २०१७ पासून फॅक्टचेक करते.

या कामाचा उपयोग काय, हे निवडणूक रोख्यांवरून दिसतं. पत्रकार नितीन सेठी यांनी २०१९ मध्ये रोख्यांवर मालिका लिहिली. तिचा पाया होता निवृत्त कमोडोर लोकेश बत्रा यांनी माहिती अधिकारातून मिळवलेले सरकारी कागद. योजनेवर रिझर्व्ह बँकेचे आक्षेप होते, हे त्यातून लोकांसमोर आलं. पुढे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. निकाल याचिकाकर्त्यांच्या लढाईमुळे आला, हे खरंच. पण लोकांना या योजनेत काय चाललंय ते कळलं, त्यात त्या कागदांचा वाटा मोठा होता.

इंटर्नला तिथे काय करावं लागतं?

सिनेमात शोधपत्रकार रात्री पार्किंगमध्ये कुणाला तरी भेटतो. खऱ्या इंटर्नचा दिवस एक्सेलसमोर जातो.

माहिती अधिकाराचे अर्ज लिहायचे, उत्तर आलं नाही तर अपिलाच्या तारखा सांभाळायच्या. स्कॅन केलेल्या तिरक्या पीडीएफमधले तक्ते हाताने टाइप करायचे. मुलाखती ऐकून उतरवायच्या. बातमी छापण्याआधी तिच्यातला प्रत्येक आकडा, प्रत्येक नाव, प्रत्येक तारीख कुठल्या कागदातून आली, हे दाखवणारी फाइल तयार करायची. कंटाळवाणं वाटेल, पण कोर्टाची नोटीस आली तर हीच फाइल संस्थेच्या कामी येते.

गंजाडचंच उदाहरण घेऊ. समजा, इंटर्नला सांगितलं की द्रुतगती मार्गासाठी इथली जमीन कशी घेतली गेली ते तपास. मग त्याला किंवा तिला राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ उघडावा लागेल.

या कायद्यात कलम ३ए नुसार सरकार जमीन घेण्याचा इरादा राजपत्रात जाहीर करतं. त्याचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावा लागतो आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. राजपत्रात प्रसिद्धी झाल्यापासून २१ दिवसांत हरकत नोंदवता येते, ते कलम ३सी. हरकतींवर निर्णय झाला की ३डी नुसार घोषणा होते आणि जमीन केंद्र सरकारकडे जाते. ३ए ची अधिसूचना निघाल्यापासून एका वर्षात ही घोषणा झाली नाही, तर मूळ अधिसूचना बाद होते. भरपाई ठरते ती कलम ३जी नुसार. ती मान्य नसेल तर लवादाकडे जाता येतं.

एवढं वाचलं की प्रश्न आपोआप पडायला लागतात. नोटीस कुठल्या पेपरात आली? तो पेपर पाड्यावर कुणाकडे येतो का? २१ दिवसांत किती हरकती आल्या आणि त्यातल्या किती मान्य झाल्या? सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि जमीन कसणारा दुसरा असेल, तर पैसे कुणाला मिळाले? वनपट्टा असलेल्या कुटुंबांची नोंद झाली का?

आणखी एक पदर आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत, म्हणजे अनुसूचित क्षेत्रात येतात. त्यामुळे इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. जमीन संपादनाआधी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी सल्लामसलत करावी, असं तो सांगतो. २०१३ चा भूसंपादन कायदा पुढे जाऊन अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेच्या पूर्वसंमतीची भाषा करतो. पण महामार्ग कायदा त्याच २०१३ च्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आहे. म्हणून महामार्गाला २०१३ चे भरपाई आणि पुनर्वसनाचे नियम लागू होतात, संपादनाची पद्धत मात्र १९५६ च्याच कायद्याची राहते.

म्हणजे एकाच गावात, शेजारशेजारच्या दोन शेतांना दोन वेगवेगळे कायदे लागू होऊ शकतात. एक जमीन कुठल्या प्रकल्पात गेली आणि दुसरी कुठल्या, यावर ग्रामसभेचा आवाज किती ऐकला जाणार हे ठरतं. हे कुणीतरी मराठीत, उदाहरणासह, तारखांसह समजावून सांगायला हवं.

कागद वाचून फरक पडतो का?

डहाणूतच पडलाय. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. त्या अधिसूचनेनुसार तालुक्यात उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जागा ठरली. कागद निघाला, पण अंमलबजावणीचं काय? नर्गिस इराणी, कितायून रुस्तम यांच्यासारख्या डहाणूकरांनी तो कागद सोडला नाही. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी आदेश दिला आणि डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते.

या प्राधिकरणाच्या पाठपुराव्यामुळे डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारं यंत्र बसवावं लागलं. ते २००७ मध्ये सुरू झालं. चिकूच्या बागा आणि लोकांची फुप्फुसं यांच्या बाजूने एक कागद उभा राहिला, तो वाचणारे लोक होते म्हणून.

गोष्ट इथेच संपत नाही. याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी वाढवण बंदराला सशर्त ना-हरकत दिली. बंदराला विरोध करणारे मच्छीमार त्याविरोधात उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये त्या याचिका फेटाळल्या गेल्या. निर्णय कुणाला पटो न पटो, परवानगीसोबतच्या अटी आता सार्वजनिक कागद आहेत. त्या पाळल्या जातात का, हे पुढची कित्येक वर्षं कुणीतरी तपासत राहायला हवं.

इथे भाषेचा प्रश्न येतो. पर्यावरणीय मंजुरीच्या २००६ च्या नियमांनुसार जनसुनावणीआधी अहवाल उपलब्ध करावा लागतो. स्थानिक भाषेतून सक्तीने द्यायचा असतो तो फक्त सारांश. तपशील, तक्ते, नकाशे असलेला मूळ जाडजूड अहवाल इंग्रजीत असतो. ज्याच्या जाळ्यावर परिणाम होणार, त्याच्या हातात सारांश. ज्याला इंग्रजी येतं, त्याच्या हातात पूर्ण अहवाल. ही दरी बुजवण्याचं काम इंटर्न करू शकतो, जर त्याला दोन्ही भाषा येत असतील आणि ते गाव माहीत असेल तर.

माहिती पोहोचली नाही तर काय होतं?

याचं भयंकर उत्तर याच तालुक्याने पाहिलंय. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाची हत्या केली. लॉकडाऊनचे दिवस होते. चोर आणि मुलं पळवणारे फिरतायत, अशा अफवा त्याआधी या भागात पसरल्या होत्या.

मग दुसरी लाट आली. या घटनेला सोशल मीडियावर धार्मिक रंग दिला गेला. शेवटी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या १०१ जणांची नावं जाहीर करावी लागली. यात एकही मुस्लिम नाही, असं त्यांनी सांगितलं.

पहिली अफवा डहाणूच्या पाड्यांवर फिरली, दुसरी सगळ्या देशात. दोन्ही वेळा तिथली भाषा, वाटा, माणसं माहीत असलेले आणि पडताळणीचं शिक्षण घेतलेले पत्रकार गरजेपेक्षा फार कमी होते. एका इंटर्नने हत्याकांड थांबलं असतं, असा दावा कुणी करू नये. पण विश्वासाची माहिती जिथे रोज पोहोचत नाही, तिथे व्हॉट्सॲपचा फॉरवर्ड आधी पोहोचतो, हे आपण पाहिलं.

मग गंजाडची मुलं तिथे का दिसत नाहीत?

२०११ च्या जनगणनेनुसार तलासरीत दर दहापैकी नऊ माणसं आदिवासी आहेत. डहाणूत दर दहापैकी जवळपास सात. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी. घरात वारली बोली, शाळेत मराठी, सीमेपलीकडे गेलं की गुजराती. अशी भाषिक तयारी असलेला तरुण कुठल्याही शोधपत्रकारिता संस्थेला हवाहवासा वाटायला हवा.

प्रत्यक्षात दारावरच तीन अडथळे आहेत.

पहिला भाषेचा. देशपातळीवरच्या बहुतेक संस्थांचा अर्ज इंग्रजीत, नमुन्यादाखल मागितलेला लेख इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत. मराठीतून बीए किंवा पत्रकारिता केलेली मुलगी तिथेच मागे सरते. तिला पाड्यावरच्या आजीशी वारलीत बोलता येतं, पण हे कौशल्य भरायला फॉर्ममध्ये रकानाच नसतो.

दुसरा पैशाचा. बिनपगारी किंवा नावापुरत्या स्टायपेंडची इंटर्नशिप म्हणजे त्या काळात घरच्यांनी तुम्हाला पोसायचं. ज्या घरातली माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा बोटीवर कामाला जातात, त्या घराला हे कसं परवडेल? तुलनेसाठी पाहा. केंद्र सरकारच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत २०२४ मध्ये महिन्याला ५ हजार रुपये ठरले होते. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला १० हजार. पण केंद्राची योजना आघाडीच्या ५०० कंपन्यांसाठी आहे. दहा-बारा जणांच्या न्यूजरूमला तिचा उपयोग नाही.

तिसरा अंतराचा. डहाणू रोड ते चर्चगेट सुमारे १२४ किलोमीटर. २०१३ पासून लोकल थेट डहाणूपर्यंत येते, ही मोठी सोय झाली. पण गंजाडच्या मुलाला आधी डहाणू स्टेशन गाठायचं, मग लोकल, मग मुंबईतलं ऑफिस, आणि संध्याकाळी हेच उलट. रोजचे पाच-सहा तास रस्त्यातच. मुंबईत खोली घ्यायची तर पुन्हा दुसऱ्या अडथळ्यावर या.

या तिन्हींचा परिणाम वरपर्यंत दिसतो. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी २०१९ मध्ये हिंदी-इंग्रजी माध्यमांचा अभ्यास केला. त्यात न्यूजरूममधल्या १२१ नेतृत्वाच्या पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती किंवा जमातीचं एकही नव्हतं. न्यूजरूममध्ये पहिली ओळख, पहिली शिफारस, पहिली बायलाइन बऱ्याचदा इंटर्नशिपमधूनच मिळते. ते दार अरुंद असेल तर वरच्या खुर्च्यांवर वेगळं चित्र कसं दिसणार?

संस्थांकडेच पैसे नाहीत, त्याचं काय?

हा मुद्दा खरा आहे, आणि अलीकडे तो गंभीर झालाय.

आपल्याकडे ना-नफा संस्थेला आयकरातून सूट हवी असेल, तर आयकर कायद्याखाली नोंदणी लागते. तिचं काम ‘धर्मादाय हेतू’च्या व्याख्येत बसावं लागतं. त्या व्याख्येत गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत, पर्यावरण रक्षण यांसोबत ‘सार्वजनिक उपयोगाचं इतर काम’ असाही एक गट आहे. पत्रकारितेचं वेगळं नाव तिथे नाही. म्हणून पत्रकारिता सार्वजनिक उपयोगाची आहे की नाही, हे अधिकाऱ्याच्या अर्थ लावण्यावर अवलंबून राहतं.

जानेवारी २०२५ मध्ये ‘द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’ने जाहीर केलं की आयकर विभागाने त्यांचा ना-नफा दर्जा रद्द केला आहे. आपल्या पत्रकारितेतून सार्वजनिक हेतू साधला जात नाही, असं कारण दिल्याचं संस्थेने सांगितलं. कन्नडमधली ‘द फाइल’ ही शोधपत्रकारिता करणारी वेबसाइटही अशाच कारवाईला सामोरी गेली. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूच्या ‘इंडिपेंडंट अँड पब्लिक-स्पिरिटेड मीडिया फाउंडेशन’वर आयकर विभागाने पाहणी केली होती. अनेक डिजिटल माध्यमांना निधी देणारी ही संस्था आहे.

परदेशी निधीचं दार तर जवळपास बंदच आहे. विदेशी योगदान नियमन कायद्याचं कलम ३ पत्रकार, संपादक, वृत्तपत्रांचे मालक आणि बातम्यांचे कार्यक्रम बनवणाऱ्या कंपन्यांना परदेशी देणगी घ्यायला मनाई करतं. राहिले देशातले देणगीदार. त्यांना देणगीवर मिळणारी वजावट नव्या करप्रणालीत लागू नाही.

दुसरी बाजूही बघायला हवी. देणगीवर चालणाऱ्या माध्यमावर देणगीदाराचा प्रभाव पडू शकतो, हा आक्षेप पोकळ नाही. त्यावरचा उपाय म्हणजे देणगीदारांची नावं आणि हिशेब खुले ठेवणं. पण बंदोबस्त प्रभावाचा करायचा, की कामच सार्वजनिक हिताचं नाही असं म्हणायचं, यात फरक आहे.

करसूट गेली की मिळालेल्या पैशातला काही भाग करात जातो. हात आखडला की संस्था कुठे कपात करणार? स्टायपेंड, प्रवासखर्च, प्रशिक्षण, साहजिकच. म्हणजे दिल्लीत निघालेल्या आदेशाचा फटका शेवटी त्या मुलीला बसतो, जी डहाणूहून अर्ज करायचा की नाही याचा विचार करत असते.

ऑफिसच गावात नेलं तर?

हा प्रयोग झालेला आहे. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ साली ‘खबर लहरिया’ सुरू झालं. ग्रामीण, बहुतांश दलित बायका तिथे पत्रकार झाल्या. त्यांच्यावरच्या ‘रायटिंग विथ फायर’ माहितीपटाला २०२२ मध्ये ऑस्करचं नामांकन मिळालं. छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वर’ने २०१० पासून साध्या फोनवरून गोंडीसारख्या भाषांत बातम्या नोंदवायची सोय केली. गोव्यातून चालणारी ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ वस्त्यांमधल्याच लोकांना प्रतिनिधी म्हणून तयार करते आणि व्हिडिओमागे मानधन देते. ‘पारी’चा शिक्षण विभाग विद्यार्थ्यांना आपल्या आसपासच्या माणसांवर लिहायला लावतो.

यातून दिसतं ते सरळ आहे. मुंबईच्या इंटर्नला आठ दिवस गंजाडला पाठवण्यापेक्षा गंजाडच्या इंटर्नला सहा महिने गंजाडलाच ठेवून काम देता येतं. संपादक व्हिडिओ कॉलवर, कागद ड्राइव्हवर, महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेट. अर्ज मराठीत. स्टायपेंड वेळेवर.

यात एक धोका मात्र आहे. बाहेरचा पत्रकार बातमी करून निघून जातो. गावातल्याला तिथेच राहायचं असतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरमध्ये बारसू रिफायनरीवर लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांची फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली चिरडून हत्या झाली. कोकणात जमिनीच्या बातमीची किंमत काय असू शकते, हे त्यातून कळतं. पत्रकारांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला. पण त्यातली व्याख्या ज्यांचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जे नियमित किंवा कंत्राटी नोकरीत आहेत, त्यांच्याभोवती आहे. शिकाऊ इंटर्न त्यात बसवणं अवघड जाईल. म्हणून कुणाचं नाव बातमीवर जाणार, धमकी आली तर कोण उभं राहणार, हे संस्थेने आधीच लिहून द्यायला हवं.

तुम्ही डहाणू-तलासरीत असाल तर आज काय करता येईल?

इंटर्नशिप मिळायची वाट बघायची गरज नाही. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला तेही लागत नाहीत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय ठेवा आणि तो १५० शब्दांत मांडा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

‘सगळी माहिती द्या’ असं मोघम मागू नका. ‘अमुक गावातल्या तमुक प्रकल्पासाठी निघालेल्या ३ए आणि ३डी अधिसूचनांच्या प्रती’, ‘आलेल्या हरकती आणि त्यांवरचे निर्णय’, ‘ग्रामसभेच्या अमुक तारखेच्या इतिवृत्ताची प्रत’ असं नेमकं मागा.

एक बदल लक्षात ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. आता ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नावं नाकारणं सोपं झालंय. पण कलम ८(२) अजून आहे. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते, असं ते सांगतं. सार्वजनिक हित काय, ते अपिलात स्पष्ट लिहा.

आणि कुठल्याही संस्थेत इंटर्नशिप घेण्याआधी हे विचारा. महिन्याला किती पैसे आणि कुठल्या तारखेला? प्रवासखर्च कोण देणार? माझं नाव बातमीवर येणार का, आणि मला नको असेल तर ते टाळता येईल का? मराठीत लिहिलं तर चालेल का? लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती आहे का? कायदेशीर नोटीस आली तर वकील कोण देणार? हे विचारणं उद्धटपणा नाही. चांगली संस्था या प्रश्नांची उत्तरं लेखी देते.

आणि तुम्ही डहाणूत नसाल, फक्त फोनवर हे वाचत असाल, तर तुमच्याही हातात एक गोष्ट आहे. इंटर्नशिपची पोस्ट शेअर करण्याआधी तिच्यात रक्कम, भाषा आणि ठिकाण लिहिलंय का, ते बघा. नसेल तर खाली कमेंटमध्ये विचारा. हे तुम्ही विचारलंत, तर गंजाडच्या मुलीला अर्ज करण्याआधीच उत्तर मिळेल.